तृतीयपंथी उमेदवार आणि मुंबईचा प्रभाग: अर्ज भरण्याआधीची तयारी

प्रश्न मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीतून आला आहे. विचारणाऱ्या ताई तृतीयपंथी आहेत, एका संस्थेत आरोग्याचे काम करतात, मतदार यादीत त्यांची नोंद ‘इतर’ अशी आहे. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत त्यांनी दुसऱ्याचा प्रचार केला. पुढची निवडणूक स्वतः लढवायची असे त्यांच्या मनात आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. महिलांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरता येतो का? पक्ष तिकीट देतात का? आणि आपल्यातले कुणी खरेच निवडून येते का? निवडणुकीचे अर्ज, छाननी आणि निकालानंतरचे खटले हेच माझे वकिलीतले रोजचे काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

ताई, निवडणूक तुम्हाला लढवता येते, याबद्दल शंका ठेवू नका. वय २१ पूर्ण हवे, मुंबईच्या मतदार यादीत नाव हवे आणि अपात्रतेच्या कलमांत आपण बसता कामा नये. १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम उमेदवाराकडून मुख्यतः एवढेच मागतो. नाव मालाडच्या यादीत असले तरी कुर्ल्याच्या प्रभागातून उभे राहता येते. सूचक आणि अनुमोदक मात्र त्याच प्रभागाचे मतदार लागतात. खरी अडचण आरक्षणापाशी सुरू होते. २२७ पैकी ११४ जागा महिलांच्या. उरलेल्या ११३ जागांवर स्त्री, पुरुष, तृतीयपंथी कुणीही उभे राहू शकते (त्यातल्या काही अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गासाठी आहेत, तिथे जातीचा दाखला लागतो). म्हणजे मतदार यादीत ‘इतर’ असताना तुम्ही खुल्या प्रभागातून अर्ज भरलात तर लिंगाच्या मुद्द्यावर तुमचा अर्ज कुणी उडवू शकत नाही. महिला प्रभागाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही.

दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. मध्य प्रदेशातल्या कटनी शहराने २००० च्या सुमारास कमला जान यांना महापौर केले. जागा महिलांसाठी राखीव होती. हरलेली बाजू कोर्टात गेली, कमला जान यांना पुरुष ठरवले गेले, निवड रद्द झाली आणि २००३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानेही ते कायम केले. हजारो लोकांनी दिलेले मत एका रकान्यावरून गेले. त्याच काळात गोरखपूरच्या महापौर झालेल्या आशा देवींनाही याच मुद्द्यावर कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता आपल्याकडचे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावात अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला. तृतीयपंथीयांसाठी अशी तरतूद नाही म्हणून छाननीत तो बाद झाला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने अर्ज स्वीकारायला लावला. त्यांनी स्त्री ही ओळख निवडली आहे, ती त्यांना मिळालीच पाहिजे. मात्र पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणून उभे राहता येणार नाही, असा त्या आदेशाचा गाभा. त्या लढल्या आणि निवडून आल्या. कटनी ते भादली या अठरा वर्षांच्या मध्ये १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल उभा आहे, ज्याने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. प्रश्न तोच होता, उत्तर उलटे आले.

हा निकाल मी महिला प्रभागासाठी येणाऱ्या प्रत्येकीला वाचायला लावते, आणि वाचून झाल्यावर एक गोष्ट पुन्हा सांगते. अंजली पाटील यांच्या बाजूने निकाल गेला तो त्यांनी स्त्री ही ओळख ठामपणे घेतली होती म्हणून. तुमची मतदार यादी ‘इतर’ म्हणते. आधारवर वेगळे, पॅनवर वेगळे, बँकेत जन्माचे नाव, आणि अर्जावर ‘महिला’ असे असेल तर समोरचा उमेदवार छाननीच्या टेबलावर हे सगळे कागद एकाशेजारी एक मांडेल. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला तेव्हा तुमच्या आयुष्याशी घेणेदेणे नसते. त्याच्यासमोर शंभर अर्ज असतात आणि संध्याकाळपर्यंत यादी लावायची असते.

म्हणून पहिला निर्णय तुम्हाला स्वतःशी करायचा आहे: कागदावर तुम्ही स्त्री आहात की तृतीयपंथी? दोन्ही उत्तरे सन्मानाची आहेत. माझा आग्रह एवढाच की तो निर्णय प्रभागाच्या आरक्षणाची सोडत (कोणता प्रभाग कुणासाठी राखीव, याची चिठ्ठी) बघून करू नका. या वेळची सोडत ११ नोव्हेंबर २०२५ ला निघाली आणि मतदान १५ जानेवारीला झाले. मधल्या दोन महिन्यांत बदललेली ओळख कोर्टात टिकवणे फार कठीण जाते, आणि ते योग्यही नाही. तुम्ही जशा जगता तसा कागद करा. मग सोडत काहीही निघो.

काही स्त्री कार्यकर्त्या विचारतात, आमची जागा यांनी का घ्यावी? या प्रश्नाचा राग धरू नका, तो भांडून मिळवलेल्या हक्काच्या काळजीतून येतो. त्यांना सांगा की स्त्री म्हणून जगताना येणारा रस्त्यावरचा त्रास, घर नाकारले जाणे, पोलीस ठाण्यातली वागणूक तुमच्याही वाट्याला आली आहे. आणि तुमची ओळख निवडणुकीपुरती नाही हे कागद दाखवतील. ट्रान्स पुरुषांचा, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पण पुरुष म्हणून जगणाऱ्यांचा, विचार मात्र कुणीच करत नाही. त्यांची कागदपत्रे पुरुष म्हणून झाली की महिला प्रभाग त्यांच्यासाठी बंद होतो आणि खुल्या प्रभागात त्यांच्या मागे उभा राहणारा समाजही संघटित नसतो. त्यांच्यातूनही उमेदवार यायला हवेत.

आता कागद. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र देण्याची पद्धत आणली. तुम्ही मालवणीत राहता, म्हणजे तुमचे जिल्हाधिकारी मुंबई उपनगरचे, वांद्रे पूर्वेला. फोर्टचे कार्यालय शहर जिल्ह्याचे आहे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो. अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेले नियम आणि नमुने घ्या, जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. नाव बदलायचे असेल तर शासन राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, आणि मग त्या राजपत्राच्या आधारे आधार, पॅन, बँक, शिधापत्रिका, मतदार यादी हे सगळे एका नावाचे करा. पॅनच्या अर्जावर २०१८ पासून ट्रान्सजेंडर असा पर्याय आहे. मतदार यादीतली दुरुस्ती नमुना ८ ने होते. महापालिकेसाठी वेगळी यादी बनत नाही. विधानसभेचीच यादी ठराविक तारखेची घेऊन प्रभागांत फोडतात. या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्या तारखेनंतर केलेली दुरुस्ती उपयोगाची नसते, आणि ती तारीख जाहीर होईपर्यंत बहुतेक इच्छुक झोपलेले असतात.

जातीच्या दाखल्याचा भाग सगळ्यात जड आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. तुम्ही मागासवर्गीय असाल आणि राखीव प्रभागातून लढायचे असेल तर जातप्रमाणपत्र आणि पुढे पडताळणी समितीची वैधता लागते. समिती वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे मागते: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे, भटक्या विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. वडिलांचा, आजोबांचा, चुलत्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, महसुली नोंदी, वंशावळ. ज्या व्यक्तीला तेराव्या-चौदाव्या वर्षी घरातून काढले, जी गुरूच्या घरी वाढली, जिचे नाव भावांनी शिधापत्रिकेवरून कमी केले, तिने हे कागद कुठून आणायचे? कायद्याच्या दृष्टीने गुरू-चेल्याच्या नात्यातून जात येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका उमेदवाराच्या चुलत्याने वैधता प्रमाणपत्राची प्रत द्यायला साफ नकार दिला. शेवटी गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधून वडिलांची नोंद निघाली आणि काम झाले. म्हणून सांगते, आईशी, एखाद्या बहिणीशी, मावशीशी बोलणे होत असेल तर आत्ताच बोला. गावची शाळा, तलाठी, तहसील कार्यालय इथे माहिती अधिकारातही नोंदी मागता येतात. या एका कामाला वर्ष लागू शकते. निवडून आल्यावर विहित मुदतीत वैधता दिली नाही तर नगरसेवकपद जाते, आणि त्या धक्क्यातून समाज पुढच्या उमेदवारासाठी लवकर उभा राहत नाही.

मग शपथपत्र. उत्पन्नाचा स्रोत विचारतात. बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे) आणि मंगतीच्या (मागून मिळालेल्या) पैशाची पावती नसते, पण उत्पन्न असते. ते लपवू नका. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळे बँक खाते लागते आणि मुंबईत खर्चाची मर्यादा या वेळी १५ लाख रुपये होती. दर वर्षी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायला आजपासून सुरुवात करा, म्हणजे शपथपत्रातला आकडा हवेतून आल्यासारखा दिसणार नाही. घर गुरूच्या नावावर असेल तर ते तुमची मालमत्ता म्हणून लिहू नका. आणि खटले. लोकलमध्ये पैसे मागितल्याबद्दल रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली अनेकींना पकडले जाते, दंड भरून सोडले जाते, आणि ती केस आपल्या नावावर आहे हे त्यांना ठाऊकही नसते. रेल्वे कोर्टातून आणि जवळच्या पोलीस ठाण्यातून आपल्या नावावर, जन्माच्या नावावरसुद्धा, काय आहे ते काढून घ्या. दंडाच्या किरकोळ केसमुळे सहसा अपात्रता येत नाही. दडवलेली केस मात्र निकालानंतर मोठे हत्यार होते.

छाननीच्या दिवशी ओळख प्रमाणपत्र, राजपत्र, नालसा आणि अंजली पाटील प्रकरणाच्या आदेशाच्या प्रती, शक्यतो मराठी सारांशासह, हातात ठेवा. हरकत आली तर लेखी मागा. अर्ज फेटाळला तर कारणांसह लेखी आदेश घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. उच्च न्यायालय मधल्या टप्प्यावर सहसा हात घालत नाही, कारण संविधानाचे अनुच्छेद २४३-यछ निवडणुकीत न्यायालयांच्या हस्तक्षेपावर बंधन घालते. भादलीचा आदेश मिळाला, पण तसा प्रत्येकीला मिळेल असे धरून चालू नका. निकालानंतरची निवडणूक याचिका मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे जाते आणि त्याला मुदत फक्त १० दिवसांची असते. तुम्ही जिंकलात तरी ते १० दिवस वकील जवळ ठेवा, कारण तुमच्या विरुद्धही कुणी जाऊ शकते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यातच आहे. होय, निवडून येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळच्या लोकांनी २०१७ मध्ये माऊली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्ञानदेव कांबळे यांना थेट सरपंच केले. छत्तीसगडच्या रायगडमध्ये जानेवारी २०१५ ला मधु किन्नर अपक्ष म्हणून महापौर झाल्या. त्याआधी त्या रेल्वेत नाचगाणे करून पोट भरत होत्या. तमिळनाडूत वेल्लोर महापालिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये द्रमुकच्या आर. गंगा जिंकल्या, आणि तेही अवघ्या १५ मतांनी. दिल्लीत डिसेंबर २०२२ मध्ये बॉबी किन्नर आम आदमी पक्षाकडून सुलतानपुरी अ प्रभागातून आल्या. त्याआधी २०१७ मध्ये त्या अपक्ष लढून हरल्या होत्या. मुंबईत २०१७ ला प्रिया पाटील यांनी कुर्ल्यातून अपक्ष लढत दिली. यश आले नाही, पण पुढे त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये एलजीबीटी विभागाचे काम पाहिले. शमिभा पाटील २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीकडून रावेर विधानसभा लढल्या.

या नावांत मला दोन पिढ्या दिसतात. कटनी, गोरखपूर इथली मते बरीचशी पक्षांवरच्या रागाची होती. ‘सगळ्यांना पाहिले, आता यांना’ अशी. राग ओसरला की त्या लोकप्रतिनिधीच्या मागे संघटना उरत नसे. गंगा आणि बॉबी यांच्या वेळी वर्षानुवर्षांचे वस्तीतले काम आणि पक्षाची यंत्रणा दोन्ही होते. तुमची वाट ही दुसरी असावी असे मला मनापासून वाटते.

मुंबईचे गणित बघा. या वेळी मतदार साधारण १ कोटी ३ लाख होते आणि त्यांत ‘इतर’ नोंद असलेले जेमतेम अकराशे. २२७ प्रभागांत वाटले तर एका प्रभागामागे पाचही येत नाहीत. प्रभाग सरासरी ४५ हजार मतदारांचा. मतदान ५३ टक्क्यांच्या आसपास झाले, म्हणजे चोवीस हजारांच्या घरात मते पडली, आणि चौरंगी लढतीत आठ-दहा हजारांवर जागा निघू शकते. ही आठ-दहा हजार मते चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, सोसायटीतल्या अशा लोकांची आहेत ज्यांनी तुम्हाला सिग्नलवर आणि बारशाला पाहिले आहे, पण पाण्याच्या तक्रारीसाठी कधी हाक मारली नाही. त्यांनी तुम्हाला पाण्यासाठी हाक मारावी, हे पुढच्या पाच वर्षांचे काम.

मालवणीत त्याला तोटा नाही. वस्तीतल्या घरांना अधिकृत जोडणी देण्यासाठी महापालिकेने मे २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले. त्याचे अर्ज किती घरांनी भरले, किती अडकले, पी उत्तर विभागाच्या कार्यालयात कोणत्या टेबलावर अडकले, हे तुम्हाला तोंडपाठ हवे. सार्वजनिक शौचालयाचे दिवे, पावसाळ्याआधीची नालेसफाई, दवाखान्यातली औषधे, शाळेतले प्रवेश. आरोग्याच्या कामामुळे तुम्ही घराघरांत जाताच. जाताना एक वही ठेवा, तक्रार क्रमांक लिहा, सुटलेले काम त्या घरी जाऊन सांगा. तृतीयपंथीयांसाठी वेगळे शौचालय मागा, नक्की मागा, पण त्याच पत्रात त्या गल्लीतल्या बायकांसाठी रात्रीचा दिवाही मागा. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून मोठा होता. त्यातला पैसा आपल्या गल्लीत का येत नाही हे आकड्यांनिशी विचारणारा माणूस लोकांना हवाच असतो. तो माणूस साडी नेसतो की पँट घालतो आणि त्याचा आवाज कसा आहे, हे काम होऊ लागल्यावर मागे पडते. हे मी अनेक वस्त्यांत पाहिले आहे.

आणि पक्ष? पक्ष तिकीट देतात ते जिंकण्याची शक्यता बघून. तृतीयपंथी विभाग, प्रवक्तेपद, मंचावरचा सत्कार हे सहज मिळते. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळत नाही. प्रवक्तेपदाला नकार देऊ नका, वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झालेल्या दिशा पिंकी शेख यांनी त्या पदावरून आपले म्हणणे राज्यभर नेले आहे. पण पद घेताना प्रभागातले पक्षाचे काम मागून घ्या: बूथप्रमुख, वॉर्डातली मतदार यादी, मतदानाच्या दिवशीचे टेबल. तिकिटाच्या बैठकीत तुमच्या बाजूने बोलणारा स्थानिक पदाधिकारी लागतो, आणि तो बूथवर सोबत बसल्याशिवाय तयार होत नाही. पैसे मागून तिकीट देतो म्हणणारे मध्यस्थ भेटतील. समाजाची वर्गणी त्यांच्या हाती देऊ नका.

स्वीकृत, म्हणजे मतदानाने नव्हे तर नामनिर्देशनाने मिळणाऱ्या, नगरसेवकपदाचाही एक रस्ता आहे. कोल्हापूर जिल्ह्यात हुपरी नगरपरिषदेने २०१८ मध्ये देवआई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तातोबा हांडे यांना असे घेतले. मुंबईत अशा १० जागा आहेत. कायदा महापालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव मागतो, आणि स्वीकृत सदस्याला सभागृहात बोलता येते, मत देता येत नाही. म्हणून मी याला दुय्यम मानते. तरी एखाद्या पक्षाने तुमचे नाव पुढे केले तर घ्या. प्रस्ताव कसे मांडतात, प्रभाग समितीत निधी कसा फिरतो हे आत बसल्यावरच कळते.

आपल्यासाठी राखीव जागा का नाहीत, हेही समाजात सतत विचारले जाते. नालसा निकालाने आरक्षण सांगितले ते शिक्षण आणि नोकरीसाठी. स्थानिक संस्थांतले राजकीय आरक्षण वेगळ्या पायावर उभे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या कृष्णमूर्ती निकालात स्पष्ट केले आहे. त्यासाठी विधिमंडळात जावे लागेल. तमिळनाडूने २०२५ मध्ये अपंगांना स्थानिक संस्थांत नामनिर्देशनाने जागा देण्याचा कायदा केला; महाराष्ट्रात तृतीयपंथीयांसाठी तशीच मागणी करायला पूर्ण वाव आहे. ती जोरात करा, पण तिच्या भरवशावर आपला अर्ज थांबवू नका.

या महिन्यात तुम्ही दोन कामे करा. मतदार यादीतली आपली नोंद आणि बाकीचे कागद एका टेबलावर मांडून नाव, लिंग, पत्ता, जन्मतारीख यांतले फरक लिहून काढा. आणि जातीचा दाखला लागणार असेल तर गावच्या शाळेला पत्र पाठवा. हे दोन्ही कागद घेऊन भेटा, ओळख प्रमाणपत्राचा अर्ज आपण सोबत भरू.